एकच फुली

“एकच फुली. आप्पांच्या नावापुढं. बाकी सात नावांकडं बघायचंसुद्धा नाही,” असं म्हणत मी देवळाच्या फरशीवर खडूनं आठ चौकोन काढले आणि तिसऱ्या चौकोनात ठसठशीत फुली मारली.

चौंडेश्वरीच्या सभामंडपात आमची अख्खी कोष्टी पेठ बसली होती. भर दिवसा माग बंद ठेवून आलेली माणसं ती. एरवी आमच्या पेठेत मागाचा खटखटाट थांबला की कुणीतरी गेलं असं समजायचं.

“आन बाकीची सात घरं मोकळी सोडायची?” पुढं बसलेल्या चंद्रभागाकाकू म्हणाल्या. “मेलं सहा मतं दिल्यात म्हणं एकेकाला. पाच वाया घालवायची?”

“वाया नाही काकू, वाचवायची. आठ उमेदवार, निवडून येणार सहा. आपण दुसऱ्या पाचांना मतं दिली की तीच माणसं आप्पांच्या पुढं जाणार. आपल्याच हातानं आपल्या माणसाला मागं ढकलायचं का?”

“नगं बया!”

“मग? एकच फुली.”

“एकच फुली,” काकूंनी बोट नाचवून म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसले. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू. चोवीस वर्षांची होते, पेठेतली एकुलती एक ट्रेंड शिक्षिका. सासरहून वर्षभरात परत आलेली मुलगी म्हणून ज्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवायला कचरायच्या, त्याच आज माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

आप्पा म्हणजे माझे वडील, रामलिंग मुसळे. एकोणीस वर्षं ते गावच्या शिक्षण मंडळावर आमच्या पेठेचे सदस्य होते. ही जागा काही कुणी दान दिलेली नव्हती. मंडळानं शाळा काढली तेव्हा आमच्या पेठेनं दर मागामागे एक लुगडं विणून दिलं होतं, आणि त्या बदल्यात प्रत्येक घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना मंडळाचं सभासदत्व मिळालं होतं. गावात सहा पेठा, प्रत्येक पेठेनं आपला एक माणूस निवडायचा, अशी रीत. आमच्याकडं निवडणूक कसली, देवळात जमायचं, “आप्पाच की!” म्हणायचं आणि चहा पिऊन मागावर जायचं.

त्या साली मंडळाचे अध्यक्ष गणपतराव निकम यांनी सर्वसाधारण सभेत ठराव आणला. आता पेठवार निवड नको. सगळ्या सभासदांनी मिळून सहाही माणसं निवडायची. “किती दिवस आपण पेठपेठ करत बसणार? गाव एक आहे, मंडळ एक आहे,” असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. बोलणं ऐकायला छानच होतं. माणूसही वाईट नव्हता.

आप्पा तेवढे उठून उभे राहिले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. उपरण्याचं टोक पिळत म्हणाले, “गाव एक हाय, खरं हाय. पन दर साली शाळा बंद करायची गोष्ट निघती ती आमच्याच पेठेतली. ती कशी?”

लोक हसले. ठराव मंजूर झाला.

आप्पांचं म्हणणं शाखा नंबर तीनबद्दल होतं. देवळाच्या बाजूला दोन खोल्या, चौथीपर्यंत वर्ग, एक्केचाळीस पोरं आणि शिकवायला मी. आमची शाळा सकाळी सातला भरायची आणि दहाला सुटायची, कारण दहानंतर पोरांना घरी कांड्या भरायच्या असत. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या पोरांनी भरून दिल्या नाहीत तर बापाचा माग चालत नाही. ओढ्यापलीकडची मोठी शाळा अकरा ते पाच. आमची शाखा बंद करून पोरं तिकडं पाठवायची म्हटलं तर मुलगे एक वेळ जातील, मुलींची शाळा तिथंच संपली. हे मंडळाच्या बैठकीत दरवर्षी सांगायचं काम आप्पांचं. बाकी त्यांनी एकोणीस वर्षांत तिथं काही मोठं केलं असेल असं मला वाटत नाही. पण शाखा चालू होती.

तेव्हा आप्पा पडले तर काय होणार, हे पेठेतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

देवळातून घरी आल्यावर आप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. धोटा हातात घेतला, पण फेकला नाही.

“शालन, बाकीच्यांना एकबी मत द्यायचं न्हाई, हे मला बरं दिसत न्हाई. उद्या त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसायचंय.”

“मांडीला मांडी लावायला आधी निवडून यायला हवं ना आप्पा? हिशेब करून बघा.” आणि मी त्यांना पाटीवर आकडे मांडून दाखवले.

त्यांनी पाटीकडं बघितलंसुद्धा नाही. “तू शिकलीस. तू म्हनशील तसं,” म्हणाले आणि माग सुरू केला.

माझा हिशेब चुकलेला नव्हता. चूक वेगळीच होती. मंडळानं प्रत्येक सभासदाला छापील पत्रक पाठवलं होतं. त्याच्या पुढच्या बाजूला आठ उमेदवारांची नावं होती, ती मी वाचली, मोठ्यानं सगळ्यांना वाचूनही दाखवली. मागची बाजू मी वाचली नाही. वर्गात पोरांना दिवसातून दहा वेळा “पान उलटा रे” म्हणून ओरडणारी मी!

मतदान आमच्याच शाळेत होतं. प्रत्येक पेठेला वेगळी पेटी. मोठ्या शाळेचे हेडक्लार्क जोगळेकर माझ्याच टेबलापाशी माझ्याच खुर्चीत बसले होते. सकाळी सातला आप्पांनी पहिलं मत टाकलं आणि उमेदवारानं केंद्रापाशी थांबायचं नाही म्हणून रस्त्यापलीकडं बाबू तांबोळ्याच्या सायकलच्या दुकानात बाकावर जाऊन बसले. दिवसभर तिथंच. मी दोन भाकरी आणि झुणका बांधून दिला होता, तो त्यांनी बाबूला दिला.

मी मात्र पायाला चाकं लावल्यासारखी घरोघर फिरत होते. “काकी, चला. मामा, माग थांबवा, दहा मिनिटांचं काम. एकच फुली हं.” म्हाताऱ्या मारुतीतात्यांना तर दोघांनी खुर्चीतून उचलून आणलं. केंद्रातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस माझ्याकडं बघून एक बोट वर करायचा. मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

सगळ्यांना पाठवता पाठवता माझंच मत राहिलं. चार वाजत आले तेव्हा मी रांगेत उभी राहिले. माझ्यामागं चंद्रभागाकाकू होत्या आणि त्यांच्यामागं शेवटची राहिलेली काही माणसं. जोगळेकरांनी मला पत्रिका दिली. पडद्याआड गेले. पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली होती, आणि समोरच्या भिंतीवर तेच छापील पत्रक चिकटवलं होतं. मागची बाजू पुढं करून.

कलम चौथं. प्रत्येक मतदाराने सहा उमेदवारांपुढे फुली किंवा बरोबरची खूण करावी. सहापेक्षा कमी अथवा जास्त खुणा असलेली मतपत्रिका बाद समजण्यात येईल.

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी अक्षरं दिसेनाशी झाली. सकाळपासून दोनशे माणसं मी हाताला धरून आणली होती आणि प्रत्येकाला एकच फुली मारायला लावली होती.

“झालं का हो बाई?” बाहेरून जोगळेकरांचा आवाज आला.

हाताला काय सुचलं कोण जाणे. मी आप्पांच्या नावापुढं खूण केली. मग दुसरी, तिसरी, अशा सहा. सराफ भास्करराव टिळेकर आणि आणखी एक नाव तेवढं सोडलं. निदान एक मत तरी वाचावं, एवढंच डोक्यात होतं. घडी घालून पत्रिका पेटीत टाकली आणि बाहेर आले.

व्हरांड्यात काकू उभ्या होत्या. नवं हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या, सणाला नेसतात तसं. त्यांनी माझा दंड धरला.

“एकच फुली ना ग शालन? मागनं परत इचारायला नगं.”

त्या वेळी मला सांगता आलं असतं. “काकू, थांबा, माझी चूक झाली, सहा खुणा करा, सगळ्यांनी सहा करा.” एवढी चार वाक्यं. पण ती बोलले असते तर पुढच्या मिनिटाला पेठभर झालं असतं की बाकीच्या सगळ्यांचं मत ह्या शहाणीनं पाण्यात घातलं. नवऱ्यानं टाकलेली, आता हेही केलं. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडं वळलेले मला दिसले.

“एकच, काकू,” मी म्हणाले.

आणि मागं न बघता घरी गेले. मागं किती माणसं होती ते मी मोजलं नाही. मोजायचं नव्हतं मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये मोजणी झाली. आप्पा उमेदवार म्हणून समोर बसले होते, मी मागच्या भिंतीला टेकून उभी. आमच्या पेठेची पेटी शेवटी उघडली. जोगळेकर एकेक पत्रिका उलगडायचे, “बाद” म्हणायचे आणि डावीकडं ठेवायचे. बाद. बाद. बाद. पहिल्या वीस-पंचवीसनंतर हॉलमधली कुजबुज थांबली. आप्पांनी एकदाही मान वळवली नाही. दोनशे तेरा पत्रिकांपैकी दोनशे बारा डावीकडं गेल्या. मध्येच कुठंतरी एकच उजवीकडं गेली. ती जोगळेकरांनी सगळ्या उमेदवारांना दिसावी म्हणून वर धरली होती.

आणि काय सांगू, बाकीच्या पाच पेठांनी आप्पांना भरभरून मतं दिली होती! ओढ्यापलीकडच्या माणसांनी, ज्यांना आम्ही आमचे वैरी समजत होतो. शेवटच्या सहाव्या जागेला टिळेकरांना तीनशे अठ्ठ्याण्णव मतं पडली. आप्पांना तीनशे एकोणनव्वद. नऊ मतं कमी.

निकम स्वतः उठून आप्पांपाशी आले. त्यांचं तोंड उतरलं होतं. “आप्पा, हे आमच्या मनात नव्हतं. नियम सगळ्यांना पाठवला होता हो.”

“हां. छापलेलाच हुता,” आप्पा म्हणाले.

संध्याकाळी देवळात पेठ जमली. कुणी बोलावलं नव्हतं. मी बायकांमध्ये मागं बसले, खांबाआड. फरशीवर माझे खडूचे आठ चौकोन अजून पुसट दिसत होते.

सुरुवातीला सगळे मंडळाच्या नावानं बोटं मोडत होते. मग हणमंत खारगे उभा राहिला. आमच्या पेठेतला सगळ्यांत तापट माणूस, पण आप्पांवर जीव टाकणारा.

“दोनशे बारा बाद झाली ते समजलं,” तो म्हणाला. “आडाणी मानसं आपण, चुकलो. पन एक मत चाललं ना? म्हंजे आपल्यातल्या एकाला नियम ठावं हुता. ठावं आसून त्यानं आपल्याला सांगितला न्हाई. त्यो कोण, एवढं कळू द्या. मला त्याचं तोंड बघायचंय.”

मी उठायला म्हणून हात जमिनीला टेकवला. टेकवला होता, हे मी देवीसमोर सांगेन. पण उठले नाही.

“ते मत माझं,” आप्पा म्हणाले.

हणमंताला वाटलं आप्पांना प्रश्न कळला नाही.

“आप्पा, नियम म्हायती आसल्याचं इचारतोय मी.”

“व्हय. मला म्हायती हुता.”

“सकाळी सातला मत टाकलंत तुमी. तवाच ठावं हुतं?”

“ठावं हुतं.”

“आन पेठंला सांगितलं न्हाई?”

“न्हाई.”

“का?”

आप्पांनी उपरण्याचं टोक पिळलं.

आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. काहीच झालं नाही. हणमंतानं टोपी घातली आणि निघाला. मग एकेक जण उठला. चंद्रभागाकाकू आप्पांसमोर क्षणभर थांबल्या, पदर तोंडाला लावला आणि गेल्या. देवळात आम्ही दोघंच उरलो आणि खडूचे चौकोन.

घरी आल्यावर मी चूल पेटवली नाही. आप्पा मागाच्या काठावर बसले होते.

“आप्पा,” मी म्हणाले, “ते मत माझं होतं.”

“ठावं हाय. दोनशे बारा फुल्या, आन एकावर बरोबरची खूण. आपल्या पेठंत वह्या तपासतं कोण?”

मी रडायला लागले. भिंतीवरचं कलम चौथं कसं दिसलं, पत्रिका हातात असताना कसं दिसलं, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, अगदी हळू.

“तू गेलीस तवा तुझ्यामागं कुणी हुतं का?”

“नाही,” मी म्हणाले. “मीच शेवटची.”

आप्पांनी मागावरचं सूत हातानं सारखं केलं. मग म्हणाले, “मग ठीक. मग तुझ्या हातात काय हुतं?” आणि उठून स्वतःच चूल पेटवायला गेले.

जूनमध्ये शाखा नंबर तीन बंद झाली. एक्केचाळीस पोरांतली चोवीस मोठ्या शाळेत गेली. सतरा मुली होत्या, त्या कांड्या भरायला बसल्या. मला मोठ्या शाळेत नेमणूक मिळाली. माझं काहीच गेलं नाही. रोज दहाला मी डबा घेऊन निघायचे, आणि उंबऱ्यात कांड्या भरत बसलेल्या पोरी चरखा फिरवता फिरवता म्हणायच्या, “बाई, चाललात?” मी म्हणायचे, “हो ग, चालले.”

आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी दहा-बारा माणसं टेकायची, पानाचं तबक फिरायचं, ते थांबलं. पहिले काही महिने आप्पा तबक भरून बाहेर ठेवायचे. पानं सुकायची, मी ती सकाळी टाकून द्यायचे. पुढं त्यांनी तबक ठेवणं बंद केलं. पेठेत कुणी त्यांना टाकून बोललं नाही, हे सांगायला हवं. लग्नाची पत्रिका यायची, प्रसाद यायचा. माणसं तेवढी यायची नाहीत. आप्पांचा माग मात्र दिवसभर चालायचा. शेजारी दोन्ही बाजूंना माग चालत असायचे, तरी मला आमच्या मागाचा आवाज वेगळा ऐकू यायचा. नऊ वर्षं असं चाललं आणि मग एका दुपारी आमचा माग थांबला.

आप्पा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात माझ्या सायकलचं चाक बसलं. शाळेला जायला मी सायकल घेतली होती. पंक्चर काढायला म्हणून मी बाबू तांबोळ्याच्या दुकानात गेले आणि तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघेपर्यंत बाहेरच्या बाकावर टेकले. इतक्या वर्षांत त्या बाकावर मी कधी बसले नव्हते. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं आमची बंद शाळा. व्हरांडा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता, खांबावरचं पोरांनी कोरलेलं नावसुद्धा.

“आप्पा हितंच बसायचे,” बाबू म्हणाला. “ते मतदान झालं ना, तवा तर सकाळपासनं हितंच. आत जाईल तो मानूस मोजत हुते.”

“मोजत होते?”

“मग! बोटांवर. तू बाहीर आलीस, त्या म्हाताऱ्या काकूशी बोललीस. हिरवं लुगडं हुतं बघ काकूचं. मी म्हनलं, आप्पा, पोरीचंबी झालं, आता च्या घ्या. तर म्हनले, आजून अकरा राह्यल्यात बाबू, ती हुंद्यात, मग घेऊ.”

“अकरा?”

“अकराच. काकूला धरून.” त्यानं ट्यूब कापडानं पुसली. “का ग, काय झालं?”

काही नाही, म्हणाले.

नऊ मतं कमी पडली होती. आणि अकरा माणसं माझ्यामागं उभी होती, हे आप्पांना मी घरी यायच्या आधीपासून माहीत होतं. माहीत असून त्यांनी मला विचारलं होतं, तेही हळू, दुसरं कुणी ऐकू नये असं. पेठ गेली तर गेली, निदान ह्या घरात तरी आपण दोघं खरं बोलू, एवढंच त्यांना हवं होतं. आणि मी म्हणाले, मीच शेवटची. त्यानंतरची नऊ वर्षं ते माझ्या हातची भाकरी खात, माझ्याशी हवापाण्याच्या गोष्टी बोलत एकटे राहिले. मला वाटायचं, पेठेनं त्यांना एकटं पाडलं.

बाबूनं हवा भरून सायकल माझ्या हातात दिली. मी तिच्यावर बसले नाही, हातात धरून चालत घरी गेले.